पाझर तलाव

आमच्या जत भागात कुणाबद्दल ‘मिरजेला नेलंय’ असं कानावर आलं की ऐकणारा जरा गप होतो. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं म्हणजे तापथंडी. सांगलीला गेला म्हणजे कोर्टकचेरीसुद्धा असू शकते. पण मिरजेला नेलं म्हणजे काहीतरी कापाकापी. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून इकडची आणि कर्नाटकातली माणसं पोट, डोळे, हाडं घेऊन मिरजेची वाट धरत आली. माझा आजा मोतीबिंदूसाठी गेला, चुलती गाठीसाठी गेली. मी गेलो मोठं आतडं काढून टाकायला. मिशनमध्ये नव्हे, दुसऱ्या दवाखान्यात. पण आमच्या लेखी मिरज ती मिरजच.

हे २०१७ सालचं. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न. त्याआधी अकरा वर्षं मी दुखणं अंगावर वागवत होतो. पहिली दोन वर्षं सगळे मूळव्याधच म्हणायचे. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. सुरण खाल्ला, ताक प्यालो, कुणी सांगितलं ती मुळी उगाळून घेतली. एका डॉक्टरनं आत काय आहे ते न बघताच सहा महिने मूळव्याधीचं औषध चालवलं. शेवटी मिरजेत खालून दुर्बीण घातली तेव्हा नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. अंगाची राखण करणारी जी शक्ती असते तीच उलटून आपल्या आतड्यावर धावते. तिखट खाल्ल्यानं होत नाही, कुणाच्या शापानं होत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण दोन्ही कारणं मला गावात शंभरदा ऐकवली गेलीत.

बारा-पंधरा वेळा परसाकडं जावं लागायचं. आणि लागली म्हणजे लागली, वावराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतसुद्धा दम निघायचा नाही. गावातून जतला जाणाऱ्या रस्त्यावर कुठली बाभळ दाट आहे, कुठल्या ओढ्यात उतरायला वाट आहे, कुठल्या पुलाच्या नळीत माणूस बसला तर दिसत नाही, हे मला पाठ होतं. एसटीत बसायचं सोडलं. लग्नाला कारभारीण एकटी जायची. भाचीच्या लग्नात मी मांडवाच्या मागं, कडब्याच्या गंजीआड होतो. अक्षता तिथूनच टाकल्या.

गोळ्या चालू होत्या. दुखणं उसळलं की स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यानं बरं वाटायचं, पण तोंड भोपळ्यासारखं सुजायचं, साखर वाढायची. दुखणं जुनं झालं की आतड्यात कॅन्सरची भीती वाढते, म्हणून अधूनमधून दुर्बिणीनं बघून तुकडा तपासायला घेतात. २०१६ च्या दिवाळीनंतर घेतलेल्या तुकड्यात पेशी बिघडायला लागल्याचं निघालं. अजून कॅन्सर नव्हता. सर्जन म्हणाले, ‘‘आता वाट बघायची नाही. मोठं आतडं सगळं काढू.’’

त्यांनी वाटा दोन सांगितल्या. एक म्हणजे मोठं आतडं गुदाशयासकट काढायचं, खालची वाट शिवून कायमची बंद करायची आणि लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी लावायची. दुसरी म्हणजे लहान आतड्याचीच आत थैली करून ती खाली जोडायची. त्याला दोन-तीन ऑपरेशनं लागतात, आणि सगळं नीट झालं तरी दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘आण्णा, दुसऱ्या वाटंनं जा की. निदान माणसासारखा ऱ्हाशील.’’ अकरा वर्षं मी माणसासारखा कुठं राहिलो होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं, बाभळींना ठाऊक होतं. मी पहिली वाट धरली.

सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान आतडं वीसेक फूट, मोठं पाचेक फूट. मी विचारलं, ‘‘एवढं मोठं काढल्यावर अन्न पचणार कसं?’’ ते म्हणाले, अन्न लहान आतड्यातच पचतं. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून अंगात परत घेतं. रोज दीडेक लिटर पातळ माल त्यात उतरतो आणि त्यातलं बहुतेक पाणी ते मुरवतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. शाळा सुटली की आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचो. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी खाऊन आम्ही तो बांध घातला. तेव्हा मला वाटायचं, ह्या तळ्यातलं पाणी कुणी नेणार? पाट नाही, मोट नाही. आमच्या मुकादमानं सांगितलं होतं, ‘‘ह्यातलं पाणी न्यायचं नसतंय पोरा. ते मुरतंय, आन् खालच्या हिरींना पाझर फुटतोय.’’ म्हणजे माझ्या पोटातला पाझर तलाव फोडून टाकायचा होता. ओढा वाहणार, पण अडणार नाही आणि मुरणार नाही. सर्जनना तलावाचं काही कळलं नाही, पण ह्या एका गोष्टीवर मी पुढची सगळी वर्षं काढली आहेत.

ऑपरेशन ठरलं शाळू निघाल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटाला. त्याआधी दीड महिना अंगाची मशागत चालली होती. रक्त आठावर होतं, ते वाढवायला सलाईनमधून लोह दिलं. स्टेरॉइड एकदम सोडायचं नसतं, म्हणून पायरी-पायरीनं कमी केलं. विडी बंद. प्लास्टिकच्या तीन नळ्यांत तीन गोळे असलेलं एक यंत्र दिलं होतं. श्वास आत ओढून गोळे वर न्यायचे. पहिल्या दिवशी एकच गोळा हलला. जाईपर्यंत दोन जायला लागले, तिसरा मला कधी वश झाला नाही. नात मात्र तिन्ही उचलायची.

पैशाचं म्हणाल तर केशरी रेशनकार्डावर ऑपरेशन राजीव गांधी जीवनदायी योजनेत बसलं. वरखर्चाला एक खोंड विकलं. शाळूचा कडबा पोरानं रचून घेतला. घरातल्या संडासाला आधीच बारा हजारांचं अनुदान मिळालं होतं. त्यात कडी, बादली आणि एक उंच खुंटी बसवून घेतली. ती खुंटी कशाला, ते मिस्त्रीला कळेना. एका हातात पिशवीचं तोंड आणि दुसऱ्या हातात तांब्या असताना धोतराचा सोगा कुठं ठेवायचा, हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता.

आदल्या दिवशी एक सिस्टर आली. बेळगावकडची, मराठीत कन्नडचा हेल. पोटावर कुठं भोक काढायचं त्याची खूण करायला आली होती. मला वाटलं, झोपवून फुली मारेल. तर म्हणाली, ‘‘काका, उभारा बघू. आता बसा. तसं न्हवं, शेतात खुरपायला कसं बसताय तसं बसा.’’ मी उकिडवा बसलो. मग मांडी घालायला लावली, वाकायला लावलं. नंतर विचारलं, ‘‘घरी काय घालताय?’’ माझ्या वयाची माणसं पायजम्यावर आलीत, मी अजून धोतरावर आहे. तिनं दवाखान्याच्या त्या खोलीत मला धोतर नेसायला लावलं आणि निऱ्यांची गाठ कुठं येते ते बोटानं चाचपलं. वाकल्यावर घडी पडते तिथं नको, गाठीखाली नको, माझ्या मला वाकून दिसलं पाहिजे आणि कातडी सपाट पाहिजे, असं सगळं बघून बेंबीच्या उजवीकडं खाली काळी खूण केली. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली, पुसू नये म्हणून. माझ्या सगळ्या दुखण्यात मी काय काम करतो हे इतक्या बारकाईनं विचारणारी ती एकटीच. सात वर्षं झाली, खुरपताना ती कळी कधी दाबली गेली नाही.

कळी हा शब्द कारभारणीचा. ऑपरेशन सहा तास चाललं. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पिशवी बदलताना तिला जवळ बोलावलं. मी मान वळवून बसलो होतो, धाडस होत नव्हतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आवो, बघा तर. डाळिंबाची कळी हाय न्हवं का!’’ मग मी बघितलं. तांबडीलाल, ओली, जरा वर आलेली. खरंच आमच्या भगव्याच्या झाडावर फुटते तशी. हात लावला तर लावल्याचं कळत नाही, कारण आतड्याला तशी जाणीव नसते. सिस्टर म्हणाली, ‘‘गालाच्या आतल्या बाजूसारखी लाल पाहिजे. काळी-निळी पडली तर घरी थांबायचं न्हाई, निघून यायचं.’’

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. खालची वाट शिवून बंद केलेली, आत काही उरलेलं नाही, तरी पहाटे पाचला मला जोरात लागायची. उठून बसायचो. तुटलेल्या पायाला खाज सुटते म्हणतात तशी. त्या शिवणीमुळं दोन महिने सरळ बसताही येत नव्हतं, कापसाची उशी घेऊनच बसावं लागे. लागल्यासारखं वाटणं हळूहळू कमी झालं, पण अजून थंडीत एखादवेळी होतं.

नवराबायकोच्या गोष्टी लिहायचा आमच्यात रिवाज नाही. एवढंच लिहितो, की ह्या ऑपरेशननं पुरुषाला त्या बाबतीत कमीजास्त होऊ शकतं, हे सर्जननी आधीच मला एकट्याला बसवून सांगितलं होतं, आणि ज्यांना सांगत नाहीत त्यांनी विचारून घ्यावं. पहिला महिना मी सोप्यात खाट टाकून झोपायचो. एके रात्री ती आली, माझी वाकळ गुंडाळली आणि आत घेऊन गेली. बोलली काही नाही.

घरी आलो आणि एप्रिलचं ऊन लागलं. आमच्याकडं एप्रिलमध्ये दगड तडकतात. पिशवी भरतेय, ओततोय, परत भरतेय. ओतून येईस्तोवर तहान लागायची. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, लघवी चहासारखी पिवळी आणि चमचाभर. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, ‘‘भरपूर पाणी प्या.’’ मी माठ रिकामे केले. जितकं पाणी पीत होतो तितकी पिशवी जास्त वाहत होती. तिसऱ्या दिवशी उठताना भिंत धरली आणि खाली बसलो. पोरानं सिस्टरला फोन लावला. ती ओरडलीच, ‘‘नुसतं पाणी बंद करा! मीठ चाललंय अंगातलं, पाणी त्याच्यामागं चाललंय. मीठ-साखरेचं पाणी द्या, घोट-घोट. आन् घेऊन या इकडं.’’ दोन दिवस सलाईन लावलं.

नंतर तिनं समजावून सांगितलं. पाझर तलाव नसलेल्या माणसानं नुसतं पाणी ढोसलं तर ते मीठ धुऊन बाहेर पडतं. मीठ आणि साखर ठराविक मापात असली तर लहान आतडं तेच पाणी आत ओढून घेतं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. किंवा ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. ह्याच पाण्यानं डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची माणसं वाचवली होती. ते २०२२ साली वारले. त्यांच्या बातमीचं कात्रण मी पंचांगात ठेवलंय.

तेव्हापासून रानात जाताना माझ्याबरोबर दोन बाटल्या असतात. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत हे. लघवी कमी आणि पिवळी झाली की मी बांधावर सावलीला बसतो, मग कितीही काम असो. गडी हसतात. हसू देत. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते रोज बघणाऱ्या माणसाला आपल्या अंगातलं पाणी बघायची लाज कसली?

खाण्याचं शिकायला वर्ष गेलं. पहिले दीड-दोन महिने मऊ भात, केळं, शिजवून घोटलेली डाळ. मग अर्धी भाकरी, ती कुसकरून, आमटीत भिजवून, दातांनी पार पीठ करून. भातानं आणि केळ्यानं माल घट्ट होतो. कांदा, कोबीनं पिशवी फुग्यासारखी फुगते. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसतं, रक्त समजून घाबरायला नको. एकदा रक्तदाबाची गोळी जशीच्या तशी पिशवीत आली. डॉक्टरला दाखवल्यावर त्यांनी ती बदलून पटकन विरघळणारी दिली. खरी भीती चोथ्याची. मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे न चावता गेले तर कळीच्या तोंडाशी बोळा बसतो, पोट तट्ट फुगतं, उलट्या होतात. शेंगदाण्याचं मी कूट करून खातो. शेवग्याची शेंग चोखतो. ऊस चघळून टाकून देतो, ते सगळेच करतात.

अवघड गेला तो हुरडा. शाळूच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला पौषात हुरडा खाऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला मी सांगू शकत नाही. सांगली-पुण्याचे पाहुणे येतात, आगटी पेटवतो, कणसं मी भाजतो, हातावर चोळून दाणे काढून देतो. मीपण मूठभर तोंडात टाकतो, चावतो, गोड दूध गिळतो आणि चोथा बाजूला जाऊन थुंकतो. कारभारणीनं पहिल्या वर्षी त्यासाठी वेगळी वाटी आणून ठेवली होती. ती मी परत पाठवली. राखेत थुंकलेलं बरं.

पिशवी तिसरा हिस्सा भरली की ओततो. जड होऊ दिली तर चकती सुटते. चकती पाच दिवसांनी बदलतो, पहाटे, चहाच्या आधी, कारण तेव्हा कळी शांत असते. भोक कात्रीनं कळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. त्याहून मोठं कापलं तर कातडी उघडी राहते आणि भाजते, कारण जो रस भाकरी पचवतो तो कातडीसुद्धा पचवायला बघतो. पिशव्यांचा डबा माठाशेजारी गारव्याला ठेवतो. महिन्याला दीड-दोन हजार जातात. डाळिंबाला भाव नसला तरी हा खर्च टळत नाही. म्हशीच्या दुधाच्या पैशातून तो आधी बाजूला काढतो, मग पेंडीचे.

पोतं उचलायचं सुटलं ते सुटलं. कळीच्या बाजूनं हर्निया उतरतो, म्हणून पट्टा बांधतो आणि दहा किलोच्या वर हात घालत नाही. पहिला पेरा पोरानं एकट्यानं केला तेव्हा मी बांधावर बसून होतो. त्यानं तासं वाकडी धरली. मी काही बोललो नाही, आणि पीक सरळ तासांसारखंच आलं. आता मी खुरपतो, छाटणी करतो, ठिबकच्या नळ्या साफ करतो, कामगारांचा हिशेब लिहितो.

गावात आधी बभ्रा झाला की आण्णाला लघवीची पिशवी लावलीया, चार दिवसांचा सोबती. मग मी भजनाला जाऊन बसलो. पिशवी नीट बसली असली तर वास येत नाही. आवाज मात्र कळी विचारून करत नाही. अभंगाच्या मधल्या शांततेत एकदा ती बोललीच. शेजारच्या टाळकऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी पखवाजाकडं बघितलं. बुवांनी पुढचं चरण उचललं. एकानं नंतर विचारलं, अशा अंगानं देवाला शिवतोस कसं? मी म्हणालो, तू तुझी पोटातच घेऊन येतोस, मी पिशवीत. तो आता विचारत नाही.

कार्तिकीला पंढरपूरला गेलो. दर्शनाच्या रांगेत दहा-बारा तास उभा होतो. मी निवांत. माझ्या मागंपुढं मात्र सगळी हट्टीकट्टी माणसं. कुणाच्या पोटात कळ, कुणी रांग सोडून पळतोय, कुणी परत घुसायला भांडतोय. अकरा वर्षं जे माझं झालं ते मी त्या दिवशी बघत उभा राहिलो. दोनदा नळाकडं जाऊन आलो, जागा कुणी घेतली नाही.

मागच्या चैत्रात शेजारच्या गावातला एक जण बायकोला घेऊन आला. पन्नाशीचा, द्राक्षवाला, हेच दुखणं. मिरजेत तारीख दिलेली. चहा झाला तरी माणूस बोलेना, चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत बसला होता. बायकोच म्हणाली, ‘‘दाजी, बघायचं हुतं.’’ मी सदरा वर केला, पट्टा सोडला. पिशवी बदलायचा दिवस नव्हता, तरी बदलली, त्यांना कळी दिसावी म्हणून. बायको वाकून बघत होती. तो लांबूनच बघत होता, मग खाट जवळ ओढली. ‘‘दुखतंय का?’’ ‘‘न्हाई.’’ ‘‘औषधाची फवारणी करता येतीया?’’ मी म्हणालो, पाठीवरचा पंप न्हाई, ट्रॅक्टरचा चालंल. त्यानं मान हलवली. ‘‘छाटणीला शिडीवर?’’ ‘‘चढतो की.’’ मग तो उठला आणि म्हणाला, बाग दाखवा.

बाग बघून आलो. जाताना त्याच्या बायकोच्या हातात मी दोन चकत्या, दोन पिशव्या आणि माझ्या कात्रीसारखी वाकड्या टोकाची कात्री दिली. तिला सांगितलं, आदल्या दिवशी खूण करायला कुणी आलं नाही तर मागून घ्या, आणि ह्याला द्राक्षाच्या मांडवाखाली उभारतो तसं हात वर करून उभारायला सांगा.